कोळशाची खाण दूर असली, तरी प्रश्न आपलाच

रायगडच्या किनाऱ्यावर कोळशाची खाण नाही. कोळसा येथे धरमतरच्या खाडीतून बार्जने येतो. त्यामुळे खाणीतल्या अपघाताची बातमी आपल्याला झारखंडची, आसामची, फार तर चंद्रपूरची वाटते. आमचे म्हणणे असे की महाड, रोहा, अलिबागच्या आंबेडकरी तरुणांनी ती आपली बातमी म्हणून वाचली पाहिजे.

६ जानेवारी २०२५ रोजी आसामच्या उमरांगसो येथे बेकायदा कोळसा खाणीत पाणी शिरले आणि ९ मजूर गेले. १३ डिसेंबर २०१८ रोजी मेघालयातील क्सान येथे असेच १५ मजूर अडकले. दोन्ही खाणी बेकायदा होत्या, म्हणून दोष मजुरांच्या अज्ञानावर टाकणे सोपे गेले. पण धनबादजवळची चासनाला खाण अधिकृत होती. तेथे अधिकारी होते, नकाशे होते. तरीही २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी फुटले आणि ३७५ कामगार बुडाले. जबाबदार अधिकाऱ्यांना शिक्षा व्हायला २०१२ साल उजाडले.

पाणी साचलेल्या जुन्या खाणीपासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय कोळसा काढू नये, असा नियम आहे. वायू साठू नये म्हणून हवा खेळती ठेवणे, छताला आधार देणे, कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊ नये म्हणून दगडाची पूड पसरणे, हेही सारे नियमात आहे. नियमांची उणीव नाही. नियम मोडला तर ज्याचा जीव जातो, त्याचे ऐकण्याची सोय मात्र नाही.

ही सोय करण्याची सुरुवात कोणी केली, हे आपण विसरतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. युद्धकाळात स्त्रियांना खाणीत उतरवण्यावरची बंदी सरकारने उठवली, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. ते सभागृहात उत्तर द्यायला उभे राहिले आणि समान कामाला समान वेतन हे तत्त्व त्यांनी तेथे मांडले. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. आपण संविधानाच्या शिल्पकाराची जयंती करतो. मजूरमंत्री आंबेडकर आपल्या भाषणांत क्वचितच येतात.

आता महाडकडे पाहू. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाड एमआयडीसीतील ब्लू जेट हेल्थकेअर कंपनीत स्फोट आणि आग लागून ११ कामगार गेले. त्यानंतर नऊच दिवसांनी उत्तराखंडच्या सिल्क्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकले. सतरा दिवस सारा देश टीव्हीसमोर होता. शेवटचे काही मीटर कोळशाच्या बिळांत काम शिकलेल्या मजुरांनी हाताने खोदले आणि सगळे वाचले. महाडचे ११ जण तोवर बातम्यांतून गेलेही होते. ज्या गावात १९२७ साली माणसाच्या पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला, तेथे कामगाराच्या जिवाच्या हक्काची चर्चा इतक्या लवकर संपावी?

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया असलेल्या प्रत्येक कारखान्यात सुरक्षा समिती बंधनकारक झाली. तिच्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि कारखाने कायदा व खाण कायदा दोन्ही तिच्यात विलीन झाले. नेमणूकपत्र आणि वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी या तिच्यातल्या चांगल्या गोष्टी. पण सुरक्षा समिती आता सरकारच्या आदेशावर अवलंबून आहे. वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्याही १० कामगारांवरून २० वर गेली. म्हणजे ठेकेदाराकडे दहा-बारा जणांत काम करणारा आपला भाऊ छोट्या युनिटमध्ये असेल, तर कारखान्याच्या नियमांबाहेर राहू शकतो.

आम्ही वस्त्यांत बैठका घेतो तेव्हा कंपनीत जाणाऱ्या मुलांना विचारतो, तुमच्याकडे सुरक्षा समिती आहे का? बहुतेक जण एकमेकांकडे पाहतात. गेटपास असतो, हेल्मेट असते, नेमणूकपत्र नसते. टाकीत कोणते रसायन आहे हे सांगितलेले नसते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दर महिन्याला विहारात एक बैठक फक्त कामाच्या जागेवर व्हावी. नेमणूकपत्र मिळाले का, तपासणी झाली का, धोका कोणाला कळवायचा, समितीत आपला प्रतिनिधी कोण, हे चार प्रश्न वहीत लिहून घ्यावेत. संहितेनुसार जिवाला धोका दिसला तर कामगार मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवू शकतो. एकट्याने तक्रार केली की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद होतो, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच ती वीस सह्यांनिशी जावी. पहिली वही महाडपासून सुरू करू या.