मृत्युपत्राविना निधन पावलेल्यांच्या वारसनोंदीबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, धारवाड जिल्हा, धारवाड
मार्फत: मा. तहसीलदार, हुबळी शहर तालुका
प्रत माहिती व कार्यवाहीसाठी: मा. आयुक्त, हुबळी-धारवाड महानगरपालिका. सिटी सर्व्हे कार्यालय, हुबळी. जिल्हा अग्रणी बँक

विषय: जेथे वाद नाही अशा कुटुंबांत वारसांची चौकशी एकदाच व्हावी आणि तिचा निष्कर्ष सर्व कार्यालयांनी व बँकांनी ग्राह्य धरावा, याबाबत.

मा. महोदय,

आम्ही दाजीबानपेठ आणि लगतच्या गल्ल्यांतील मराठी भाषक रहिवासी व दुकानदार हे निवेदन सादर करीत आहोत. राज्यघटनेच्या 350व्या कलमाने नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याची मुभा दिली आहे, म्हणून ते मराठीत लिहिले आहे. कार्यालयाच्या सोयीसाठी कन्नड प्रत सोबत जोडली आहे. मागणी मात्र मराठी भाषकांपुरती नाही. पेठेतील एसएसके (सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय), लिंगायत, मुस्लिम, जैन अशा सर्वच घरांना घरातला कर्ता माणूस मृत्युपत्र न करता गेला की त्याच खिडक्यांपुढे उभे राहावे लागते.

मुळात कायदा काय म्हणतो, तेथून सुरुवात करतो, कारण आमचे सारे म्हणणे त्यावरच उभे आहे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 8व्या कलमानुसार मृत्युपत्र न करता पुरुष वारला की त्याची मालमत्ता प्रथम पहिल्या वर्गातील वारसांकडे जाते. मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि आई या वर्गात आहेत. (आई या यादीत आहे आणि वडील नाहीत, हे अर्ज लिहून देणाऱ्यांच्याही पुष्कळदा लक्षात नसते.) स्त्रीच्या बाबतीत 15व्या कलमाचा क्रम वेगळा आहे. मुस्लिम कुटुंबांना शरियतचे हिस्से लागू आहेत, ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा. क्रम कोणताही असो, तत्त्व एकच: हक्क मृत्यूच्या क्षणीच वारसांकडे जातो. तो तहसीलदार देत नाहीत, महापालिका देत नाही, बँकही देत नाही. कार्यालयाचे काम वारस कोण ते ओळखून नोंदवण्याचे आहे. व्यवहारात मात्र हे उलटे झाले आहे. नोंद होत नाही तोवर वारसाला हक्कच नाही असे धरून त्याच्याशी बोलले जाते आणि तो हक्क पुन्हा पुन्हा, दर कार्यालयात नव्याने सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर टाकले जाते.

जुन्या पेठेतल्या एका घराचा हिशोब पाहा. खाली दुकान, वर बिऱ्हाड. जागेचा उतारा सिटी सर्व्हेकडे, कराचे खाते महापालिकेकडे, विजेचे मीटर हेस्कॉमकडे, दुकानाचे चालू खाते एका बँकेत, मुदत ठेव दुसरीकडे, आणि गावाकडे चार एकर असतील तर त्यांची पहाणी (शेतजमिनीचा उतारा) तालुक्याच्या महसूल कार्यालयात. माणूस एकदाच मरतो, पण त्याचे वारस कोण, याची चौकशी प्रत्येक ठिकाणी वेगळी होते. एकीकडे नाडकचेरीचा (महसूल उपकार्यालयाचा) वंशवृक्ष चालतो, दुसरीकडे तोच जुना झाला म्हणून नवा मागतात. एकीकडे प्रतिज्ञापत्र पुरते, दुसरीकडे वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस हवी असते. तिसरीकडे ‘कोर्टातून आणा’ एवढेच उत्तर मिळते आणि काय आणायचे ते लेखी कोणी देत नाही.

या ‘कोर्टातून आणा’बद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. घराच्या नोंदीसाठीसुद्धा सक्सेशन सर्टिफिकेट मागितले जाते. 1925 च्या कायद्याच्या 370व्या आणि पुढील कलमांनुसार दिले जाणारे हे प्रमाणपत्र फक्त मृताला येणे असलेल्या रकमा आणि रोखे यांच्यापुरते आहे. घर, दुकान, प्लॉट, शेत यांना ते लागूच नाही. म्हणजे घराच्या उताऱ्यासाठी ते मागणे हे न्यायालय जे देऊच शकत नाही ते मागणे होय. याच कायद्यातील प्रशासनपत्राचे (लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन) नावही अधूनमधून पुढे केले जाते. परंतु मृत्युपत्राविना वारलेल्याच्या मालमत्तेवर न्यायालयात हक्क सांगण्यासाठी प्रशासनपत्र सक्तीचे करणारे 212वे कलम हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख, जैन, भारतीय ख्रिस्ती आणि पारशी यांना आपल्या दुसऱ्या पोटकलमातच वगळते. जी सक्ती खुद्द न्यायालयात नाही, ती नोंदीच्या टेबलावर कुठून आली?

बँकांच्या बाबतीत सक्सेशन सर्टिफिकेटला निदान आधार आहे, कारण ठेव हे बँकेकडील येणेच. पण तेथेही 214वे कलम न्यायालयावर बंधन घालते: मृताच्या ऋणकोविरुद्ध हुकूमनामा देण्यापूर्वी असे प्रमाणपत्र पाहावे. बँकेने आपणहून, वाद नसताना, वारसांना पैसे देऊ नयेत असे त्यात कुठेही नाही. रिझर्व्ह बँकेने 26 सप्टेंबर 2025 रोजी मृत खातेदारांच्या दाव्यांबाबत नवे निर्देश काढले आणि ते अमलात आणायला 31 मार्च 2026 ही अखेरची तारीख ठरवून दिली. नामनिर्देशन नसले तरी सहकारी बँकांत 5 लाख आणि इतर बँकांत 15 लाख रुपयांपर्यंतचे दावे सोप्या पद्धतीने निकाली काढायचे आहेत, आणि सर्व कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत. दिरंगाई बँकेमुळे झाली तर व्याजरूपाने भरपाईही आहे. या सोप्या पद्धतीत वंशवृक्षासारखा वारस दाखला उपयोगी पडतो. दाखला लवकर आणि नीट मिळाला तर बँकेला अडवायला कारण उरत नाही. तो अडला तर रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरून न्यायालयाची वाट धरण्याची पाळी येऊ शकते. दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जमा होते. ती पुढेही परत मिळते, पण लहान रकमेसाठी तेवढा पाठपुरावा म्हाताऱ्या विधवेने करायचा कसा?

आता या प्रश्नाच्या सर्वांत दुखऱ्या भागाकडे येतो. वारसा लावण्याच्या अर्जासोबतच बहिणींची हक्कसोड मागण्याची रीत पडली आहे. सोय म्हणून ती सुरू झाली असेल: नावे कमी, सह्या कमी. परिणाम मात्र असा की ‘नोंद अडली आहे, तू सही दे’ असे सांगून बहिणीचा हिस्सा काढून घेतला जातो आणि कार्यालयाचा कागदच त्या दडपणाचे साधन होतो. कर्नाटकाने मुलींना, त्यावेळी अविवाहित असलेल्यांपुरता का होईना, सहदायकीत (एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत) बरोबरीचा हक्क 1994 मध्येच दिला होता. 9 सप्टेंबर 2005 पासून तो देशभर सर्व मुलींना मिळाला. वडील तेव्हा हयात असण्याचीही अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत तर मुलगी 1956 पासूनच वारस आहे. म्हणून आमची मागणी अशी की वारसनोंद आणि वाटणी या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या ठेवाव्यात. आधी सर्व वारसांची, विवाहित मुलींसह, नावे उताऱ्यावर यावीत. मग ज्याला सोडायचे त्याने नोंदणीकृत हक्कसोडीने सोडावे, ज्यांना वाटून घ्यायचे त्यांनी वाटून घ्यावे. सामायिक नोंदीमुळे दुकान परक्याच्या हाती जाईल ही भीतीही अनाठायी आहे. एखादा वारस आपला हिस्सा विकू लागला तर पहिल्या वर्गातील इतर वारसांना तो आधी घेण्याचा हक्क 1956 च्या कायद्याच्या 22व्या कलमाने दिला आहे, आणि त्यात धंद्यातील हिस्साही येतो.

यावर पहिला आक्षेप घेतला जाईल तो फसवणुकीचा. खोटे वंशवृक्ष होतात, एखादी मुलगी, पहिल्या पत्नीची मुले, परगावचा भाऊ वगळला जातो, हे आम्हालाही ठाऊक आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पाच ठिकाणी पाच वरवरच्या चौकश्या झाल्या म्हणून फसवणूक थांबत नाही. उलट एका ठिकाणी वगळलेली व्यक्ती दुसऱ्या ठिकाणी दिसली तरी त्या दोन कागदांची गाठ कधी पडत नाही. एकच, पण खरी चौकशी व्हावी: तलाठ्याने घरी व शेजारी जाऊन जबाब घ्यावेत, शिधापत्रिका आणि शाळेचे दाखले ताडून पाहावेत, नोटीस कार्यालयाच्या फलकावर आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयातही लावावी, प्रत्येक ज्ञात वारसाला लेखी कळवावे, हरकतीला ठराविक मुदत द्यावी. कर्नाटक भू-महसूल कायद्याच्या 129व्या कलमात फेरफारासाठी अशी नोटीस-हरकतीची रीत आहेच. हरकत आली तर प्रकरण वादग्रस्त म्हणून वेगळे काढावे आणि तेथे न्यायालयाचीच वाट दाखवावी. त्याला आमचा विरोध नाही.

दुसरा आक्षेप अधिकाराचा: तहसीलदार म्हणजे दिवाणी न्यायालय नव्हे, वारस ठरवणे त्यांच्या अखत्यारीत येत नाही. बरोबर आहे. पण आम्ही ठरवायला सांगतच नाही. महसुली नोंद खरी मानली जाते ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, आणि ज्याचा हक्क डावलला गेला त्याला दिवाणी दावा नेहमीच खुला असतो. नोंदीचे बळ इतके मर्यादित असेल, तर ती देताना अंतिम निवाडा देत असल्याइतकी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. जबाबदारी टाळण्यासाठी ‘कोर्टात जा’ म्हणणे अधिकाऱ्याच्या सोयीचे असते, कायद्याच्या आदराशी त्याचा संबंध फार थोडा.

तिसरा आक्षेप उपदेशाच्या सुरात येतो: लोकांनी मृत्युपत्र करावे, निदान नॉमिनी तरी नेमावा. करावे, यात शंका नाही. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या निधनानंतर त्यांच्या शेअर व गुंतवणुकींवरून उभ्या राहिलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितले, की नामनिर्देशनाने वारसाहक्काचा क्रम बदलत नाही. त्या प्रकरणी मृत्युपत्रही होते, आणि तरीही साळगावकर 2013 मध्ये गेल्यावर निकालापर्यंत दहा वर्षे लोटली. शिवाय मृत्युपत्र न करणे हा गुन्हा नाही. ज्याने काही लिहून ठेवले नाही त्याच्यासाठी संसदेने वाटपाचा क्रम स्वतःच लिहून ठेवला आहे. तो कायदा वापरू पाहणाऱ्याला दंड झाल्यासारखे हेलपाटे का?

आमच्या पेठेची एक अडचण वेगळी आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे कित्येक घरांतले जुने कागद मराठीत आहेत, काही मोडीतही. मुली कोल्हापूर, सांगली, पुण्याकडे दिलेल्या. त्यांचे लग्नानंतरचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव महाराष्ट्राच्या पद्धतीने, तर माहेरच्या कागदांत तीच मुलगी आद्याक्षराने नोंदलेली. नावे जुळत नाहीत म्हणून अर्ज परत येतो. कारभाराची भाषा कन्नड आहे आणि तिच्याबद्दल आम्हाला काहीही तक्रार नाही. एवढेच मागतो, की मराठी कागद शपथेवरील कन्नड भाषांतरासह स्वीकारावा, नावातील अशा फरकासाठी एक प्रतिज्ञापत्र पुरेसे मानावे, आणि महाराष्ट्रातल्या वारसाची खातरजमा करायची असेल तर येथील तहसीलदारांनी तिकडच्या तहसीलदारांना थेट पत्र लिहावे. सत्तरीच्या बहिणीला त्यासाठी गाडीत बसवून हुबळीला आणायला लावू नये.

शेतजमिनीबाबत राज्य सरकारने ही निकड ओळखली आहे. लाखो पहाण्या अजून मृतांच्या नावावर आहेत हे मान्य करून महसूल खात्याने 2025 मध्ये त्या वारसांच्या नावे करण्यासाठी ई-पौती मोहीम हाती घेतली. शेतासाठी जे न्याय्य, ते शहरातल्या घरादुकानासाठी का नाही? मृताच्या नावावरचा उतारा घेऊन बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवाना निघत नाही, आणि मोडकळीला आलेली जुनी घरे तशीच उभी राहतात. 2011 च्या सकाल सेवा अधिनियमात विलंबाला दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई आहे. त्या रकमेत वकिलाची साधी नोटीसही निघत नाही, म्हणून भरपाईपेक्षा आम्हाला मुदत पाळली जाणे हवे.

तरी विनंती, की आपण एक लेखी परिपत्रक काढून वाद नसलेल्या प्रकरणांत तहसील कार्यालयाचा एकच वंशवृक्ष सिटी सर्व्हे, महापालिका आणि हेस्कॉम यांनी ग्राह्य धरावा असे कळवावे. स्थावर मालमत्तेच्या नोंदीसाठी सक्सेशन सर्टिफिकेट मागू नये आणि वारसनोंदीआधी हक्कसोड मागू नये असे त्यात स्पष्ट लिहावे. लागणाऱ्या कागदांची यादी कन्नड, मराठी व उर्दूत प्रत्येक खिडकीवर लावावी. आणि अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे. जिल्हास्तरीय बँक सल्लागार समितीचे अध्यक्षपद आपल्याकडेच आहे. समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांची जिल्ह्यातील अंमलबजावणी हा विषय घ्यावा आणि सहकारी बँकांकडून प्रलंबित दाव्यांची माहिती मागवावी. या निवेदनावर काय कार्यवाही झाली ते आम्हाला लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले नम्र,
दाजीबानपेठ व परिसरातील रहिवासी आणि दुकानदार
दाजीबानपेठ, हुबळी