निदानाचे मोल

मोटारीच्या दुरुस्तीचा विषय आपल्या वैचारिक लेखनात सहसा येत नाही. तो गप्पांत येतो. आणि गप्पांत आला, की त्याचे दोनच रस संभवतात. एक करुण : कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने कसे कापले याचा. दुसरा अद्भुत : तेच काम कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने किती थोडक्यात करून दिले याचा. दोन्ही कथांत नायक एकच, तो म्हणजे पैसा. स्थानिक, स्वतंत्र गॅरेजची थोरवी आपण गातो ती त्याच्या स्वस्ताईची. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे आहे, की ही स्तुती गॅरेजवाल्याला मारक आहे आणि फिरून ती आपल्यालाही मारकच ठरते. चांगल्या गॅरेजमध्ये जी सर्वांत मोलाची गोष्ट मिळते, तिचे दाम आपण मोजतच नाही. आणि ज्याचे दाम मिळत नाही ते कौशल्य फार काळ टिकत नाही.

ही मोलाची गोष्ट म्हणजे निदान. सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती हे शब्द आपण एका दमात उच्चारतो; पण ती दोन निराळ्या जातींची कामे आहेत. सर्व्हिसिंग हे पंचांगासारखे असते. अमुक किलोमीटरला ऑइल आणि ऑइल फिल्टर, तमुक किलोमीटरला एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल. सारे आधी लिहून ठेवलेले असते. ते नीट आणि प्रामाणिकपणे पार पाडणे एवढेच उरते. दुरुस्ती मात्र वैद्यकीसारखी असते. तिथे औषधाच्या आधी रोग ओळखावा लागतो. आपल्या परंपरेत या ओळखण्याला इतके महत्त्व होते, की 'माधवनिदान' हा अख्खा ग्रंथ केवळ रोगनिदानासाठी रचला गेला. मोटारीच्या बाबतीत मात्र निदान हे उपचाराबरोबर फुकट मिळावे, अशी आपली अपेक्षा असते.

एक साधे उदाहरण घेऊ. गाडी खडबडीत रस्त्यावरून सावकाश जाताना पुढच्या डाव्या बाजूने 'खडखड' असा आवाज येतो. गुळगुळीत रस्त्यावर येत नाही. वाचकांपैकी ज्यांची गाडी पाच-सहा वर्षांची आहे, त्यांना हा आवाज परिचयाचा असेल. त्याला कारणे अनेक. शॉकअप गेला असेल, त्याच्या माथ्यावरचे माउंटिंग गेले असेल, लोअर आर्मचा बुश झिजला असेल, बॉल जॉइंट ढिला झाला असेल. किंवा स्टॅबिलायझरची लिंक, जी या साऱ्यांत बहुधा सर्वांत स्वस्त, तिच्या टोकाचा सांधा खिळखिळा झाला असेल. आवाज जवळपास सारखाच. चांगला मेकॅनिक आधी गाडी स्वतः चालवतो, मग मालकाला चालवायला लावून शेजारी बसतो. त्यानंतर तो खाली जातो. गाडी जॅकवर उचलली, की काही सांध्यांवरचा भार बदलतो आणि ढिलेपणा हाताला लागत नाही. म्हणून ती पिटवर, चाकांवर उभी असतानाच तो एकेक सांधा हाताने हलवून, कुठे पहार लावून पाहतो. या साऱ्यात पाऊण तास जातो. लिंक बदलायला त्याहून कमी वेळ लागतो.

आता बिल पाहा. त्यात लिंकची किंमत असते आणि 'लेबर' म्हणून एक आकडा असतो, तो लिंक बसवण्याचा. पाऊण तासाच्या शोधाची ओळ त्यात नसते. ती लिहिली, तर 'नुसते बघण्याचे पैसे कसले?' असा प्रश्न येणार, हे गॅरेजवाल्याला ठाऊक असते. हाच प्रश्न आपण डॉक्टरला विचारत नाही. डॉक्टरने काही झाले नाही असे सांगितले, तरी आपण फी देतो, किंबहुना अधिक आनंदाने देतो. मेकॅनिकने 'काही बदलायला नको, नट ढिला होता, आवळला' असे सांगितले, तर मात्र आपण 'मग किती द्यायचे?' असे अशा सुरात विचारतो, की तो बापडा 'राहू द्या साहेब' म्हणून मोकळा होतो.

या 'राहू द्या साहेब'मध्ये आपल्याला माणुसकी दिसते, आणि ती असतेही. पण त्यामागचे अर्थशास्त्र निष्ठुर आहे. शोधण्याचे पैसे मिळत नाहीत आणि बदलण्याचे मिळतात, तेव्हा शहाणा माणूस शोधणे कमी करतो आणि बदलणे वाढवतो. सुट्या भागावरच्या नफ्यातून त्याला आपल्या वेळेचे दाम वसूल करावे लागते. मग खडखड आली, की आधी लिंक, ती गेली नाही तर बुश, तरीही नाही तर शॉकअप, असा क्रम सुरू होतो. आवाज शेवटी थांबतो; पण तो कशाने थांबला, हे कोणालाच कळलेले नसते. अशा गॅरेजवाल्याला आपण लबाड म्हणतो. लबाडी काही ठिकाणी असेलही. परंतु पुष्कळदा तो आपणच घालून दिलेल्या दराने काम करत असतो.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर टीका करणे हा या लेखाचा हेतू नाही. तिथे यंत्रसामग्री चांगली असते, प्रशिक्षण असते, सुट्या भागांची खात्री असते आणि वॉरंटीच्या काळात तिथे जाणे सोयीचेही असते. तिथली अडचण रचनेची आहे. आपल्याशी बोलतो तो सर्व्हिस अॅडव्हायझर गाडीखाली जात नाही. गाडीखाली जातो त्याला आपण पाहत नाही. आपण सांगितलेले लक्षण जॉब कार्डावरच्या एका ओळीत आक्रसते : 'फ्रंट नॉइज चेक'. 'सकाळी गाडी थंड असताना येतो, गरम झाल्यावर जातो' हा त्यातला नेमका उपयोगाचा भाग वाटेतच गळून पडतो. स्वतंत्र गॅरेजमध्ये ऐकणारा कान आणि पाना धरणारा हात बहुधा एकाच माणसाचे असतात. निदानाच्या दृष्टीने हा फार मोठा लाभ आहे, आणि त्याचा स्वस्ताईशी काही संबंध नाही.

यावर आक्षेप असा घेतला जाईल, की कानाने ओळखण्याचा काळ संपला. प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बॅसॅडर यांच्या पिढीचे उस्ताद कार्बोरेटरचा स्क्रू फिरवता फिरवता आवाजावरून इंजिन 'लावत'. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली, तेव्हा तिच्यातही कार्बोरेटरच होता. आज संगणक गाडी चालवतो आणि बिघाडही तोच सांगतो. २०१०नंतर भारतात नव्या मोटारींत स्वयंनिदानाची यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि एप्रिल २०२०मध्ये बीएस-सहा मानके लागू झाल्यावर सेन्सरांचे जाळे अधिकच दाट झाले. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर एक कोड उमटतो. मग निदान कसले राहिले?

राहिले, किंबहुना वाढले. पी ०१७१ हा एक नेहमी आढळणारा कोड घ्या. त्याचा अर्थ एवढाच, की इंधनाच्या मानाने मिश्रणात हवा जास्त आहे. कारण तो सांगत नाही. हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, इंधन पंपाचा दाब कमी पडत असेल, इंजेक्टर तुंबला असेल, किंवा एखाद्या रबरी नळीला चीर जाऊन तिथून मापाबाहेरची हवा आत शिरत असेल. कोड हे लक्षणाचे नाव आहे, रोगाचे नव्हे. तापमापीवरचा आकडा आणि मलेरिया यांत जे अंतर, तेच इथेही. ज्याला हे अंतर कळत नाही तो कोड वाचतो आणि त्याच्याशी जोडलेला महागडा सेन्सर बदलतो; ज्याला कळते तो आधी बॉनेट उघडून नळ्या तपासतो आणि बारीक फुसफुस कुठून येते ते ऐकतो. स्कॅनरने कानाची गरज संपवली नाही. कान कुठे लावायचा याची दिशा दाखवली.

मात्र ही दिशा सर्वांना सारखी दिसत नाही, आणि इथे प्रश्न केवळ ग्राहकाच्या वृत्तीचा न राहता कायद्याचा होतो. सर्वसाधारण कोड बाजारातला साधा स्कॅनरही वाचतो. पण कंपनीचे स्वतःचे कोड, वायरिंगचे नकाशे, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि नवा भाग बसवल्यावर गाडीला त्याची 'ओळख' करून देणारी प्रणाली या गोष्टी बाहेरच्या गॅरेजला सहज मिळत नाहीत. २०११मध्ये एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने या प्रकरणात लक्ष घातले, आणि ऑगस्ट २०१४मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग आणि निदानाची साधने मिळू न देणे हा स्पर्धेचा भंग आहे, असा त्या आदेशाचा आशय होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामाने जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही त्यात होते. पुढे प्रकरण अपिलांत गेले आणि डिसेंबर २०१६मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही कंपन्यांपुरता हा आदेश कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर रद्द केला. जुलै २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारी घेतल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी एक पोर्टलही सुरू झाले. परंतु पोर्टलवर माहिती ठेवणे कंपनीच्या इच्छेवर सोपवणे वेगळे आणि माहिती देणे कायद्याने बंधनकारक करणे वेगळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२मध्येच दुसरा मार्ग धरला : अधिकृत विक्रेत्याला जी निदानप्रणाली मिळते, ती वाजवी दराने स्वतंत्र गॅरेजलाही मिळालीच पाहिजे.

स्वतंत्र गॅरेजचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. रीतसर बिल न देणे, डुप्लिकेट भाग ओरिजिनल म्हणून बसवणे, वापरलेले ऑइल, जे घातक कचऱ्यात मोडते, ते बेलाशक गटारात ओतणे, हे प्रकार सर्वांनी पाहिलेले आहेत. रॉबर्ट पिर्सिग यांच्या १९७४च्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' या पुस्तकात एका वर्कशॉपचा प्रसंग आहे. तिथले तरुण कारागीर स्वभावाने चांगले, पण कामाकडे तटस्थ प्रेक्षकासारखे पाहणारे; त्यांनी मोटारसायकलची नासधूस केली, आणि मूळ बिघाड पुढे लेखकालाच सापडला : ऑइल पोहोचवणाऱ्या यंत्रणेतली एक क्षुल्लक पिन तुटलेली होती. लहान दुकान म्हणजे आपोआप जिव्हाळा, असे समीकरण नसते. जिव्हाळा म्हणजे शोधत राहण्याची तयारी. आणि ती तयारी ठेवणाऱ्याला जगता येईल असा व्यवहार भोवती असावा लागतो.

खरी चिंता पुढच्या पिढीची आहे. पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने भरपूर आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हवा तो भाग घडवून मिळतो. वस्तूंची वानवा नाही. वानवा आहे ती शोधणाऱ्या माणसांची. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून आलेला मुलगा एखाद्या उस्तादाच्या हाताखाली चार वर्षे काढतो तेव्हा तो नट खोलायला शिकत नसतो, ते त्याला येतच असते; खोलण्याआधी थांबायला तो शिकत असतो. पण उस्तादाच्याच थांबण्याला दाम मिळत नसेल, तर तो मुलाला ते शिकवील कशाला? आणि मुलगा तरी का शिकेल? दुसऱ्या धंद्यात शिरलेली अशी मुले मग गॅरेजकडे परतत नाहीत. विजेवरच्या गाड्या आल्या, की ऑइल आणि फिल्टर यांचे हुकमी उत्पन्नही घटणार. पंचांगाचे काम कमी होईल आणि वैद्यकीचे काम उरेल. ज्या दिवसांत निदान हेच मुख्य काम होणार आहे, नेमके त्या दिवसांसाठी निदान करणारे आपण राखून ठेवलेले नाहीत.

कायदा व्हायचा तेव्हा होईल. तोवर गाडीमालकाच्या हातात काही गोष्टी आहेत. गॅरेजमध्ये जाऊन 'शॉकअप बदला' असे फर्मान सोडण्याऐवजी लक्षण सांगावे : आवाज केव्हा येतो, कोणत्या वेगाला, कोणत्या बाजूने, ब्रेक दाबल्यावर की वळताना. मेकॅनिकला घेऊन एक फेरी मारावी. काढलेला जुना भाग परत मागावा. तो संशय म्हणून नव्हे, तर त्यातली झीज त्याच्याकडूनच समजून घ्यावी म्हणून. लेखी बिल मागावे, आणि त्यात 'तपासणी' या नावाची एक स्वतंत्र ओळ लिहायला त्यालाच सांगावे. काही न बदलता बिघाड सापडला, तर त्या ओळीचे पैसे अधिक खुशीने द्यावेत, कारण त्या दिवशी आपल्याला त्याचे उत्तम काम मिळालेले असते.

मराठीत 'निदान' या शब्दाला दोन अर्थ आहेत : एक रोगाची ओळख, आणि दुसरा 'कमीत कमी'. गॅरेजवाल्याशी आपला व्यवहार सुधारायचा, तर बाकी काही जमो न जमो, निदानाचे पैसे, निदान तेवढे तरी, त्याच्या हातावर ठेवले पाहिजेत.