पाडव्याच्या निमित्ताने : आधी पूर्वपक्ष जाणावा

१७ मार्च २०२५ रोजी नागपुरात जे घडले त्याचे स्मरण वाचकांस असेलच. औरंगजेबाची खुलताबाद येथील कबर हटवावी या मागणीसाठी महालात आंदोलन झाले. जाळलेल्या कापडावर कुराणातील वचने होती अशी अफवा पसरली आणि सायंकाळी दगडफेक व जाळपोळ झाली. एका जखमीचा पुढे मृत्यू झाला. ११ पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली; ती सर्वत्र उठावयास २३ मार्च उजाडला. ऐन पाडव्याच्या खरेदीत इतवारीलाही त्याची झळ पोचली.

त्या वर्षी पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला आली. हा केवळ योगायोग नव्हे. दोन्ही सण अमावास्येनंतरच्या चंद्रावर ठरतात. भेद इतकाच की, सुमारे पावणेतीन वर्षांनी अधिक मास धरून आपण चांद्रवर्षाची सौरवर्षाशी सांगड घालतो. मुसलमानी पंचांगात अधिक मास नाही. त्यांचे वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान राहते आणि ईद साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येते. एका भिंतीआड राहणाऱ्यांना एकमेकांविषयी एवढेही ठाऊक नसावे, याचे आम्हांस वैषम्य वाटते. अफवेला थारा मिळतो तो अशाच अज्ञानात.

इतवारीत एकदा कीर्तन आटोपल्यावर सराफ्यातील एक तरुण आम्हांस म्हणाला, "बुवा, निरूपणात मुसलमानी शब्द नकोत." आम्ही म्हणालो, "बाळ, तुझ्या पाटीपासूनच आरंभ करू. 'सराफ' अरबी, 'दुकान' अरबी, 'बाजार' फारसी. देवळातला 'नगारा' अरबीतून आला, 'सनई' फारसीतून. आणि तुम्ही आमच्या कपाळी लावता तो 'अबीर'ही अरबीच!" तरुण हसला. मग आम्ही पुढे सांगितले, "पण 'इतवार' मात्र तुझा. तो 'आदित्यवारा'चा अपभ्रंश आहे." कानाला परके वाटणारे आपले निघते आणि आपले वाटणारे दुरून आलेले असते.

कोणी म्हणेल, छत्रपती शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले नव्हते काय? दिले, आणि ते योग्यच केले. परंतु तो कोश रचणाऱ्या रघुनाथपंतांना आधी ते फारसी शब्द नीट जाणावे लागले! आपल्या शास्त्रांची रीतच ही. पूर्वपक्ष यथार्थ मांडल्यावाचून उत्तरपक्षास अधिकार येत नाही. जाणणे म्हणजे मान्य करणे नव्हे. देवळे फोडली गेली हा इतिहास आम्ही झाकीत नाही. पण इतिहास सांगावयाचा तर सगळा सांगावा. नागपूर वसविणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने औरंगजेबाच्याच दरबारी इस्लाम स्वीकारला होता, आणि पुढे त्याच औरंगजेबाविरुद्ध तो उठला. धर्म एक असूनही राजकारण वेगळे असते, याचा दाखला आपल्याच गावाच्या जन्मकथेत आहे.

येथून जवळच, पवनारला, विनोबांनी आश्रम केला. त्यांनी अरबी शिकून कुराण मुळातून वाचले आणि त्यातील निवडक वचनांचा संग्रह सिद्ध केला. त्यामुळे त्यांची गीतेवरील निष्ठा तसूभरही ढळली नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, त्यांस मराठी संतमंडळाने आपले मानले. ज्याची श्रद्धा दृढ, त्याला दुसऱ्याचा ग्रंथ उघडण्याचे भय नसते.

पाडव्याला आपण कडुनिंब खातो, घरी पंचांगश्रवण होते. त्या वेळी मुलांना ईदेची तिथी का सरकते तेही समजावून सांगावे, आणि शेजारच्या घरी जाऊन रोजा म्हणजे काय हे आपण स्वतः विचारावे. गल्लीत पुन्हा एखादी वार्ता धावत आली, तर ती खरी की खोटी हे विचारावयास निदान एक उघडे दार असेल.