सोनेरी भुंगेऱ्याला टाचणी नको

शाळेच्या प्रयोगशाळेत कीटकांची एक पेटी असते. ती विद्यार्थ्यांनीच भरावी, असा प्रघात बऱ्याच ठिकाणी आहे. निदान कासव-भुंगेऱ्याला तरी या पेटीत जागा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रताळ्याच्या वेलावर किंवा ओढ्याकाठच्या बेशरमाच्या पानांवर भोके दिसली, तर पान हळूच उलटून पाहावे. सेंटिमीटरभर लांबीचा, पाठीवर कासवासारखी ढाल असलेला भुंगेरा तेथे सापडण्याचा संभव असतो. ढालीची कड काचेसारखी पारदर्शक असते. ॲस्पिडिमॉर्फा या प्रजातीतील काही जातींची पाठ इतकी चकाकते, की पानावर सोन्याचा थेंब पडला आहे असे वाटावे.

हे सोने रंगद्रव्याचे नव्हे. कवचात अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात. त्यांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे ही झळाळी येते, आणि थरांत ओलावा असेल तोवरच ती टिकते. पनामातील याच्या एका भाईबंदाचा अभ्यास बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केला. त्या भुंगेऱ्याला डिवचले की थरांतील द्रव निघून जातो, आरसा नाहीसा होतो आणि खालचा तांबडा रंग दिसू लागतो.

आता पेटीचा विचार करा. कीटक मेला, वाळला, की सोने गेले. उरते ते एक मातकट कवच! जे दाखवायचे तेच आपण घालवून बसतो. संशोधकांना नमुने लागतात, हे खरे. पण त्यांच्या नमुन्यांवर स्थळ-दिनांकाची चिठ्ठी असते. शाळेच्या पेटीत ती क्वचितच आढळते.

त्यापेक्षा छायाचित्र घ्यावे. आज घरोघरी मोबाइल आहे. फ्लॅश मात्र बंद ठेवावा, नाहीतर चकचकीत पाठीवर नुसता पांढरा डाग उमटतो. पानाला धक्का लागला तर भुंगेरा अंग पानाशी घट्ट चिकटवून घेतो आणि पाय-मिशा दिसत नाहीत; मग थोडा वेळ थांबावे. जवळ मोजपट्टी धरून एक चित्र घ्यावे, दुसरे संपूर्ण झाडाचे. नुसत्या सुंदर चित्राचाही मला फारसा उपयोग वाटत नाही. कोणत्या झाडावर, कोणत्या दिवशी, काय करताना दिसला, हे वहीत हवेच.

शेजारच्या पानांवर अळ्याही शोधाव्यात. टाकलेली कात आणि स्वतःची विष्ठा शेपटीच्या काट्यावर साठवून त्या पाठीवर छत्रीसारखी धरतात आणि मुंगी जवळ आली की तिच्या अंगावर ती छत्री रोखतात. हे दृश्य कोणत्या टाचणीने टोचणार?

पेटीला गुण देणाऱ्या शिक्षकांनी यंदा ते या वहीला द्यावेत. झाडाचे नाव लिहिलेले नसेल, तर त्यातले निम्मे खुशाल कापावेत.