सायकल उभी आहे, पण चालते का?

या सदराच्या वाचकांना माझं सायकलवेड ठाऊक आहे, त्यामुळे या आठवड्यातला राग ते समजून घेतील. फोनवर प्रश्न आला : सफर कशी झाली, पाचपैकी किती स्टार द्याल?

सफर झालीच नव्हती. मेट्रो स्थानकाबाहेर भाड्याच्या सायकली ओळीने उभ्या होत्या. पहिलीच्या मागच्या चाकात हवा नव्हती. दुसरीचं कुलूप उघडलं, सीट वर करून खटका आवळला. पण बसलं की सीट सरसर खाली. ती होती तिथे लावली आणि रिक्षा केली. कंपनीच्या हिशेबात मात्र ती फेरी धरली गेली. माझ्या मागोमाग एक ताई आल्या, त्यांनी अंगठ्याने चाकं दाबून पाहिली आणि चालत निघून गेल्या. त्यांना कोणीच काही विचारणार नाही. सायकल न मिळालेला माणूस मोजायचाच नाही आणि ग्राहक समाधानी असल्याचं सांगायचं, हे मला मान्य नाही.

ही रड नवी नाही. पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठ आणि औंध भागात सार्वजनिक सायकली आल्या. कंपन्या एकामागून एक उतरल्या. त्यातल्या ओफो कंपनीने तर २०१८ मध्येच भारतातून गाशा गुंडाळला. मोडक्या सायकली फुटपाथवर आडव्या पडल्या आणि बोल लागला तो लोकांच्या बेशिस्तीला. म्हैसूरची ‘ट्रिन ट्रिन’ सायकल योजनाही २०१७ चीच, पण तिथे सायकल ठरलेल्या थांब्यावरून घ्यायची आणि थांब्यावरच लावायची.

त्याही आधी तासावर सायकल देणारी दुकानं आपल्याकडे गल्लोगल्ली होती. मडगार्डवर रंगवलेला आकडा, वहीत नाव आणि वेळ. पोरगं समोर उभं राहिलं की दुकानदार त्याची उंची बघून सीट खाली घ्यायचा, पान्याने नट आवळायचा आणि सीट दोन्ही हातांनी पिळून बघायचा. सायकल परत आली की पुढचं चाक उचलून गरकन फिरवायचा. रिम ब्रेकला घासली तर आवाजावरून कळायचं. पंक्चर झालेली सायकल आत जायची, बाहेरच्या रांगेत ती कधी दिसायची नाही. त्या रांगेवर आमचा भरवसा होता. आजच्या योजनांमध्ये कुलूप हुशार झालं, पण चाक उचलून बघणाऱ्या माणसाचा पगार कोणी धरला नाही. सायकल कुठे आहे हे जीपीएस सांगतं. तिच्यात हवा आहे का, हे त्याला कळत नाही.

खरं तर ही माहिती कंपन्यांकडेच असते. कुलूप उघडून मिनिटभरात त्याच जागी पुन्हा बंद झालं, तर ती तक्रारच आहे. एकाच सायकलबाबत असं दोनदा झालं की ती ॲपवरून काढा आणि पाना-पंप घेऊन माणूस पाठवा. स्टार नंतर विचारा.