तोंडाला कोरड पडते, त्याला वय म्हणू नका

फलटणला माझं मेडिकलचं दुकान आहे. काउंटरमागे उभं राहून 28 वर्षं झाली. ‘तोंड लई कोरडं पडतंय, कायतरी द्या’ असं म्हणणारं गिऱ्हाईक आठवड्याला दोन-तीन तरी येतं. त्यावर बी-कॉम्प्लेक्सची पट्टी किंवा चघळायच्या गोळ्या द्यायच्या, ही आमच्या धंद्यातली रीत. मीही वर्षानुवर्षं तेच दिलं. आता देत नाही.

गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या आक्का आल्या. वय 72. ‘‘बाबा, भाकरीचा घास तोंडात नुसता फिरतोय, खाली उतरंना.’’ आमटीत कुस्करली तरी घोटभर पाण्याशिवाय गिळवत नव्हती. वरची कवळी बोलता बोलता सुटत होती, कारण कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. जीभ दाखवा म्हटलं, तर तिच्यावर ओलसर चकाकी औषधालाही नव्हती. मधोमध भेगा होत्या. बोलताना ती टाळूला चिकटायची आणि सुटताना ‘टक्’ असा आवाज यायचा. पदराच्या गाठीला खडीसाखर. घरातले म्हणत होते, वय झालं, त्यात ऊन केवढं!

वयाने लाळ थोडीफार कमी होत असेल, पण घास अडेपर्यंत नाही. मी म्हटलं, ‘‘आक्का, घरात आहेत नाहीत तेवढ्या गोळ्या पिशवीत घालून आणा.’’

दुसऱ्या दिवशी पिशवी काउंटरवर रिकामी केली. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध. तळपायांची आग होते म्हणून रात्रीची अमिट्रिप्टिलिन. सारखं लघवीला लागतं म्हणून सॉलिफेनासिन. नाक गळतं म्हणून कुणी सांगितलेली सर्दीची गोळी, तिच्यात क्लोरफेनिरामिन. पहिल्या तीन गोळ्या तीन डॉक्टरांनी लिहिलेल्या, चौथी शेजारणीने दिलेली. एकेक गोळी आपापल्या जागी ठीक. पण लाळग्रंथींना लाळ सोडायचा निरोप मज्जातंतू अ‍ॅसिटिलकोलिनमार्फत देतात, आणि यातल्या शेवटच्या तिन्ही गोळ्या तोच निरोप अडवतात. मग कोरड पडते म्हणून आक्का तांब्यावर तांब्या पाणी पिणार, पाण्याने लघवी वाढणार, लघवीसाठी गोळी आणि त्या गोळीने पुन्हा कोरड.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आम्ल मारते, दातांना कॅल्शियम परत देते, बुरशीला आवर घालते. पाण्याने कोरड घटकाभर भागते, ही कामं होत नाहीत. म्हणून खडीसाखरेचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे प्रेमाने हातावर ठेवतात, पण लाळ नसलेल्या तोंडात ती साखर धुऊन जायला काही नसतं. दात हिरडीलगत किडतात. आंबट गोळ्या आणि लिंबाची फोड दातांचं कवच झिजवतात. चघळायचंच तर बिनसाखरेचं काहीतरी चघळावं.

प्रत्येक वेळी दोष गोळ्यांचाच असतो असं नाही. साखर वाढलेली असते, कुणी रात्रभर तोंड उघडं टाकून झोपतं. चाळिशी-पन्नाशीतल्या बाईच्या तोंडाबरोबर डोळ्यांतही वाळू गेल्यासारखं खुपत असेल, तर स्योग्रेनचा आजार आहे का ते तपासायलाच हवं. आणि तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेले लोक! राज्यात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, पण तंबाखू आणि मावा गावोगाव आहेच. रेडिएशनने लाळग्रंथीच भाजून निघतात. त्यांच्यासाठी पिलोकार्पिनची गोळी असते, पण डॉक्टरांनीच ठरवायची. दमा किंवा काही प्रकारचा काचबिंदू असेल तर ती चालत नाही.

माझं मागणं मोठं नाही. असं औषध लिहिणाऱ्याने ‘याने तोंड कोरडं पडेल, पडलं तर सांगा’ एवढं एक वाक्य बोलावं. सगळ्या गोळ्यांची यादी सहा महिन्यांतून एकदा तरी एकाच डॉक्टरच्या नजरेखालून जावी. आणि आम्ही मेडिकलवाल्यांनी पट्टी पुढे सरकवण्याआधी विचारावं, आणखी काय काय घेता? पेशंटने मात्र हे वाचून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. अमिट्रिप्टिलिनसारखं औषध एकदम सोडलं तर त्याचाही त्रास होतो.

आक्कांच्या सुनेने यादी डॉक्टरांकडे नेली. सर्दीची गोळी बंद झाली, रात्रीचा डोस कमी केला, लघवीचं औषध बदललं. दातांच्या डॉक्टरांनी जास्त फ्लोराइडची पेस्ट दिली, रात्री कवळी काढून ठेवायला सांगितलं. तीन आठवड्यांनी आक्का सांगत आल्या, भाकरी उतरते, पण अजून कुस्करूनच. खडीसाखर सुटायला मात्र दोन महिने गेले, आणि तोवर खालचे दोन दात मुळाशी किडून काढावे लागले. चार शिल्लक आहेत. दर तीन महिन्यांनी ते दाखवायला त्या जातात, आणि जाताना गोळ्यांची पिशवी बरोबर नेतात.