आदेश मागे घेतल्यानंतर

बदलीच्या नोकरीमुळे माझे बहुतेक आयुष्य महाराष्ट्राबाहेर गेले. तरीही प्रत्येक सरकारी अर्जातील ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात मी आजवर गावचेच नाव लिहीत आलो आहे. त्या घराला आज कुलूप आहे. परप्रांतात राहणाऱ्या अनेक वाचकांची स्थिती याहून वेगळी नसावी. आपण मात्र स्वेच्छेने बाहेर पडलो. ज्यांना एका रात्रीत घर सोडावे लागले, त्यांच्यासाठी हा रकाना अधिक वेदनादायक असतो. फुकुशिमाचा विचार करताना मला हे प्रकर्षाने जाणवते.

११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर फुकुशिमा दाइइची केंद्रातील तीन अणुभट्ट्यांची इंधनद्रव्ये वितळली. फुकुशिमा प्रांतातील दीड लाखाहून अधिक माणसे विस्थापित झाली. पुढे शेतांतील मातीचा वरचा थर खरवडून काढण्यात आला. किरणोत्सर्गाची मात्रा वर्षाला २० मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी व्हावी, मूलभूत सोयी पूर्ववत व्हाव्यात आणि मग आदेश मागे घ्यावा, असे शासनाचे धोरण होते. नाराहा येथील आदेश सप्टेंबर २०१५ मध्ये, नामिएच्या काही भागातील मार्च २०१७ अखेर, तर फुताबाच्या काही भागातील ऑगस्ट २०२२ मध्ये उठला.

कागदोपत्री गाव खुले झाले. परंतु अपघातापूर्वी सुमारे २१ हजार वस्ती असलेल्या नामिएमध्ये २०२३ साली दोन हजारांच्या आसपासच माणसे राहत होती. यात नवल नाही. सहा वर्षांत मुले नव्या शाळेत रुळतात, आईवडिलांचा रोजगार तिकडे स्थिरावतो. आजोबांना मात्र आपल्याच अंगणात डोळे मिटायचे असतात. एका कुटुंबाचे असे दोन निर्णय होतात आणि दोन्ही योग्य असतात. विस्थापनाची किंमतही लहान नव्हती. या प्रांतात भूकंप व त्सुनामीत थेट मृत्यू पावलेल्यांची संख्या सुमारे १६०० होती. नंतरच्या हालअपेष्टांमुळे झालेले म्हणून शासनदरबारी नोंदले गेलेले मृत्यू २३०० हून अधिक आहेत. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते.

या साऱ्या प्रयत्नांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी तरतूद. ऑगस्ट २०११ मध्ये जपानने विशेष कायदा केला. त्यानुसार १३ नगरे व गावांतील विस्थापितांना मूळ गावची रहिवासी नोंदणी न बदलता नव्या ठिकाणी शिक्षण, आरोग्य आणि वृद्धसेवा मिळू लागल्या. गावाशी नाते राखण्यासाठी सेवांवर पाणी सोडण्याची गरज उरली नाही. याउलट, आदेश नसताना स्वतःहून बाहेर पडलेल्यांना मिळणारी मोफत घरे मार्च २०१७ अखेर बंद झाली. परत या, नाहीतर स्वतःचे स्वतः पाहा, असाच त्याचा अर्थ अनेकांनी घेतला.

माणसे परतली नाहीत तर गावाची शाळा, दुकाने आणि कर यांचे काय, हा प्रतिप्रश्न रास्त आहे. स्थानिक कारभार केवळ आठवणींवर चालत नाही. तथापि मदत बंद करून आणलेली वस्तीही टिकत नाही. जाणे-येणे खुले राहिले, घर-जमिनीचे हक्क आणि गावच्या निर्णयांतील आवाज शाबूत राहिला, तर आज न परतलेला कदाचित दहा वर्षांनी परतेल.

आपल्याकडील पुनर्वसनाच्या अहवालांत घरे किती बांधली, भूखंड किती वाटले, याचे रकाने असतात. माझ्या मते त्यांत आणखी एक रकाना हवा: या कुटुंबाला कोठे राहायचे आहे, आणि कोठले म्हणवून घ्यायचे आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी असू शकतात, हे प्रशासनाने मान्य केले पाहिजे. पुनर्वसनाची खरी सुरुवात तेथून होते.